साखराबाईचा पिवळा तळवा

माझी सासू, साखराबाई, खोटं बोलत न्हाई. सगळ्या वस्तीला ठावं हाय, आन तेच आमच्या मुळावर आलं.

गोदावरीवर मेंढ्यांना पाणी पाजायला गेलेला आसाराम वाळूच्या ट्रॅक्टरखाली मेला. ट्रॅक्टर माझा नवरा, नाथा, चालवत होता. पोलिसांना मी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, आमचे मालक घरीच होते. आसारामचे भाऊ मानंनात, म्हणून खंडोबाच्या देवळात पंच बसले. आमच्यात भंडारा तळहातावर घेतला की कुणी खोटं बोलत न्हाई. आन माझ्या ह्या शहाण्या नवऱ्यानं आपल्याच तोंडानं सांगितलं, माझ्या मायला उचलायला लावा. लेकासाठी माय देवालाबी फसवंल, असं वाटलं त्याला!

सासूनं भंडारा तळहातावर घेतला. म्हणाली, "न्हाई. त्यो घरी नव्हता."

नाथा आत गेला. जामिनावर सुटून आला तवापासून मायशी बोलंना, तिच्या हातचं पाणीसुदिक घेईना. मला वाटलं, खोटं बोलून का होईना, नवरा माझा राहिला. कसलं काय! इतकं सफाईनं खोटं बोलणारी बाई आपल्यामागं कशी राहिली आसंल, ह्यो किडा त्याच्या डोक्यात शिरला. माझंबी ताट सरकवायला लागला.

काल दुपारी मी रानातून आले, तर ह्यो भंडाऱ्याची वाटी घेऊन मायपुढं उभा. इतक्या महिन्यांनी तिच्याशी बोलला, ते हे: "बबिता माझ्यामागं नीट राहिली का? उचलून सांग."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. सासूनं भंडारा उचलला.

"नीट राहिली," म्हणाली.

लगेच पटलं त्याला. हात धुऊन जेवायला बसला. सासूनं तांब्या पुढं केला, तर तोंड फिरवलं.

मग माझी सटकली. "मायचं बोलणं चालतं, आन पाणी चालत न्हाई व्हय तुमाला?" म्हणत मी भाकरीची टोपली उचलली आन सासूजवळ जाऊन बसले. राहू दे म्हणलं आज उपाशी.

सासूनं टोपलीतली भाकरी काढून माझ्या हातात दिली. तळवा अजून पिवळाच होता. हळूच म्हणाली, "बबे, तुझ्या सकाळच्या संपल्या. ह्या मी थापल्यात. वाढ त्याला, तुझ्या हातच्या म्हणून सांग."

मी वाढली. सांगितलंबी तसंच.