अकराव्या मजल्यावरचा बांबू आणि नेनिताचा रविवार

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे आणि काल मी नाचलो.

हसू नका. भर उन्हात, बागेतल्या गवतावर, शे-सव्वाशे बायकांसमोर नाचलो. अंगातल्या झिणझिण्या अजून गेलेल्या नाहीत. कधी एकदा कुणाला सांगतो असं झालंय मला! पण शेवटच आधी सांगून टाकला तर तुम्हाला काय कळणार? थांबा, नीट पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म सिंगापूरहून पुलापलीकडच्या मलेशियातला, एका ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटात. तोडल्यावर एका कारागिराने मला विस्तवावर शेकून सरळ केलं, गाठी तासल्या आणि घासून घासून असं गुळगुळीत केलं, की रेशमी कापडाचाही धागा निघू नये. मग लॉरीत बसून मी सिंगापूरला आलो, बादल्या आणि झाडू विकणाऱ्या एका दुकानात. तिथे आह मा आली; आह मा म्हणजे आजी, आता सगळे तिला तसंच म्हणतात. तेव्हा ती पस्तिशीची होती. तिने मला वाकवून पाहिलं, बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, चार जणांना नाक मुरडलं आणि मला व माझ्या जुळ्या भावाला उचललं. त्या दिवशी मी जो भाव खाल्ला, तो पुढे पुष्कळ वर्षं पुरला.

आमचं काम म्हणजे कपडे वाळत घालणं. अकराव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, बाहेरच्या भिंतीत लोखंडी नळकांडी बसवलेली होती. आह मा आमच्या अंगावर ओले कपडे ओवायची, चिमटे लावायची, मग सगळं ओझं उचलून कमरेपर्यंत खिडकीबाहेर वाकायची आणि आमचं बूड नळकांड्यात खोचायची. झालं, आम्ही निघालो हवा खायला! खालच्या मजल्यावरची बाई ओरडायची, "अहो, तुमचं पाणी गळतंय, माझ्या चादरी भिजल्या." आह मा वरूनच म्हणायची, "बरं झालं, नाहीतरी धुवायलाच झाल्या होत्या."

आह माचे तळवे तेवढे नेहमी ओले लागायचे. धुण्याचं पाणी असेल, असं मी समजत आलो.

अशी तीस वर्षं गेली. आह माचे गुडघे दुखू लागले. तिच्या मुलीचं नाव स्वी हून, ती एका दातांच्या दवाखान्यात काम करते. तिने आत छताला कपडे वाळवायची, दोरीने खालीवर होणारी मांडणी बसवली आणि खिडकीला लोखंडी जाळी लावून कुलूप ठोकलं. आम्ही दोघे भाऊ दारामागे उभे राहिलो. वर्षातून एकदा कुणीतरी आमच्या टोकाला झाडू बांधून कोळिष्टकं काढायचं. ज्याने घरभराची अब्रू वाऱ्यावर वाळवली, त्याने कोळ्यांच्या मागे धावायचं! मी आतल्या आत फार कुढलो.

आणि दोन वर्षांपूर्वी नेनिता घरकामाला आली, इथेच राहायला. फिलिपिन्सची, लेते बेटावरची. उंचीने बेताची, हाताला चपळ, आणि काम करता करता पायाने ताल धरायची सवय.

घरकामाला बाई ठेवणाऱ्या नव्या मालकांसाठी सरकारी वर्ग असतो, स्वी हून त्यात बसून आली होती. आल्या आल्या तिने फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि नेनिताला वाचून दाखवला. आह मा खुर्चीतून ऐकत होती. पासपोर्ट नेनिताच्याच पेटीत राहणार हे ऐकताच ती कुरकुरली, "आणि पळून गेली म्हणजे?"

"आई, तिचा पासपोर्ट आहे, आपल्या घराचा कागद नाही," स्वी हून म्हणाली.

कागदावर पुढे होतं: दर रविवारी सुट्टी. झोपायला आतून कडी लागणारी खोली. स्वी हूनच्या मावशीने एकदा फोन केला, "दोन दिवस तुमच्या कामाच्या मुलीला माझ्याकडे साफसफाईला पाठव." स्वी हूनने सरळ सांगितलं, "तिच्या कामाच्या परवान्यावर आमच्या घराचा पत्ता आहे, तुझ्या घराचा नाही." मावशी महिनाभर रुसली होती. आणि कागदावर लाल पेनाने लिहिलेली एक ओळ होती: खिडकी बाहेरून पुसायची असेल तर जाळीला कुलूप हवं आणि घरातलं मोठं माणूस शेजारी उभं हवं. दोन्ही हवं. एक असून चालणार नाही.

"मी तीस वर्षं बाहेर वाकले," आह मा म्हणाली. "पडले का? डोक्यावर बसवून घे तिला."

आता खरी मजा ऐका. एका दुपारी नेनिताने दारामागून आम्हाला ओढून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि फरशीवर शेजारी शेजारी आडवं ठेवलं. मग चप्पल काढून आमच्या मधून बाहेर, बाहेरून मध्ये अशी पावलं टाकू लागली. तिच्या गावच्या नाचाचं नाव तिनिक्लिंग. दोघे जण दोन्ही टोकांना बसून बांबू जमिनीवर आपटतात, मग एकमेकांवर आपटतात, आणि नाचणाऱ्याने बांबू मिटायच्या आत पाऊल उचलायचं. चुकलं की घोटा शेकलाच म्हणून समजा!

गेले सहा महिने दर रविवारी बागेत बारा मैत्रिणी जमून हाच नाच बसवत होत्या. चिनी नववर्षाच्या आधीच्या रविवारी त्यांचा कार्यक्रम होता आणि नेनिता सर्वांत पुढे नाचणार होती. गावी तिची चौदा वर्षांची लेक जोसेत फोनवरून पाहणार होती. दोन वर्षांत मायलेकींची गाठ पडली नव्हती. "तिला वाटतं, तिची आई नुसती भांडी घासते," नेनिता आह माला म्हणाली होती. "तिला एकदा मला नाचताना पाहू दे." बांबू मिळत नव्हते म्हणून त्या प्लास्टिकच्या नळ्यांवर सराव करत. प्लास्टिकच्या! मला ते ऐकवेना.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी स्वी हून दवाखान्यात गेली होती. नववर्षाच्या आत घर लख्ख झालंच पाहिजे, नाहीतर आह माच्या जिवाला चैन नाही. तिने बिस्किटांच्या डब्यातून एक चावी काढली. जाळीची जादा चावी! कुलूप उघडलं, जाळी सरकवली आणि स्टूल पुढे ढकललं.

"चढ. काचा बाहेरून पूस."

"आह मा, मॅडम आल्यावर पुसू या," नेनिता म्हणाली.

"ती येणार दुपारी. उद्या तू चाललीस नाचायला. मग काचा काय माझा बाप येऊन पुसणार? काचा झाल्या नाहीत तर उद्याचा नाचबिच विसर."

मित्रांनो, माझ्या गाठीगाठीत धस्स झालं. नेनिताने स्टुलावर एक पाय ठेवला. दुसरा ठेवला. चौकट धरली. अकरा मजले खाली कुणीतरी सायकलवरून चाललं होतं, एवढंसं. सहा महिन्यांचे रविवार, फोनपाशी बसणारी जोसेत, सगळं त्या एका काचेवर येऊन थांबलं होतं. तिने फक्त हात लांब करायचा होता.

ती खाली उतरली. जाळी ओढून घेतली, कुलूप लावलं, चावी आह माच्या हातात दिली. मग सरळ सांगून टाकलं.

"आह मा, मी बाहेर वाकणार नाही. उद्या जाऊ दिलं नाहीत तरी नाही. जोसेतला नाचणारी आई नसली तरी चालेल. आई असायला हवी."

आह माने तोंड फिरवलं. मी मनात म्हणालो, संपला हिचा रविवार. आणि तेवढ्यात नेनिताची नजर दारामागे गेली. माझ्यावर!

तिने मला ओढलं. तारेचा हँगर वाकवून माझ्या टोकाला आकडा बांधला, त्याला जुना टॉवेल गुंडाळला. दुसऱ्या टोकाला दोरी बांधून ती जाळीच्या गजाला घट्ट आवळली, कारण हातून निसटलो असतो तर खाली कुणाचा तरी कपाळमोक्ष झाला असता. मग खिडकीचं एक दार उघडून, कुलूपबंद जाळीच्या गजांमधून तिने मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी, अकराव्या मजल्यावरचा वारा! मला रडू येईल की काय असं झालं.

"आह मा, शेजारी उभ्या राहा ना," नेनिता म्हणाली. "कागदावर तसंच आहे. आणि मला इथून डाग दिसत नाहीत."

आह माने चष्मा लावला आणि ती जाळीला नाक लावून उभी राहिली.

"डावीकडे. अगं, तुझ्या डावीकडे नाही, माझ्या डावीकडे."

"दोघींची डावी एकच आहे, आह मा."

"बोलू नकोस, पूस. तो कोपरा राहिला. एवढी का घाबरतेस, मोडत नाही तो. मी निवडून आणलाय त्याला."

ऐकलंत? मी निवडून आणलाय! मी इतका ताठ झालो की नेनिताला मला गजांतून आत घेताना दोनदा वळवावं लागलं.

स्वी हून दुपारी आली. काचा चमकत होत्या आणि चावी टेबलावर पडली होती. नेनिताने झालं ते जसंच्या तसं सांगितलं. स्वी हून आधी आईवर भडकली. मग चावी स्वतःच्या जुडग्यात अडकवत म्हणाली, "डब्यात ही मीच ठेवली होती. जाळी लावली, कागद लावला आणि चावी बिस्किटांत. चूक माझी आहे, नेनिता. आणि रविवार तुझाच आहे. काचांसाठी तो कुणालाच कापता येत नाही, आईला नाही आणि मलाही नाही."

रविवारी सकाळी नेनिता निघाली तेव्हा आह मा दारात उभी होती. एका हातात मी, दुसऱ्या हातात माझा भाऊ.

"प्लास्टिकवर काय नाचता? त्याला आवाज का आहे? हे घेऊन जा. आणि मला पण घेऊन जा, तुम्ही धड धरणार नाही."

लिफ्टमध्ये आम्ही तिरके मावलो. बागेत पोचलो, तर सगळ्याजणी आमच्याभोवती गोळा. दोघी टोकांना बसल्या आणि सुरू झालं. टक, टक, ठप! टक, टक, ठप! माझ्या पोकळीतून असा आवाज निघतो हे मलाच ठाऊक नव्हतं. नेनिताची पावलं आमच्या मधून अशी निसटत होती, की मिटायला आम्हीच कमी पडलो. स्वी हूनही आमच्याबरोबर आली होती, ती फोन उंच धरून उभी होती. त्यात जोसेत आधी हसत होती, मग ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारू लागली, "या ना, ही माझी आई आहे, बघा ना!" नेनिताने ते ऐकलं आणि तरीही तिचा ताल चुकला नाही.

नाच संपला. नेनिता धापा टाकत आह माशेजारी गवतावर बसली. आह माने मला मांडीवर घेतलं होतं. बराच वेळ ती माझ्या गाठी चाचपत राहिली.

"तीस वर्षं वाकले मी," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज जाते खाली. हाताला असा घाम सुटायचा की बांबू निसटतो की काय. नको म्हणता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही गं."

मित्रांनो, तीस वर्षं मी तो ओला हात अंगावर वागवला आणि त्याला धुण्याचं पाणी समजलो. काल तोच हात माझ्यावर होता आणि तो कोरडा होता.

आता मी पुन्हा दारामागे आहे, पण पुढच्या रविवारी मला बागेत जायचंय, तेव्हा जरा घाईत आहे. तुमच्याही घरी कुणी घरदार सोडून कामाला आलं असेल. त्याला कुठे चढायला, वाकायला सांगण्याआधी एकदा त्याचा हात हातात घेऊन पाहा. ओला लागला, तर पाणी समजू नका.