गेरोंदाचा कप आणि सहावा सामना

थ्रासोसच्या कॉफीखान्याबाहेर रांग लागली होती आणि रांगेत कुणीही बोलत नव्हतं. ग्रीसमधल्या आमच्या काव्हाला बंदरात चार माणसं जमली की पाच मतं होतात, त्यामुळे ही गप्प रांग हाच पहिला चमत्कार म्हणायला हवा. कोळी, मास्तर, बँकेतले साहेब, डोक्याला काळा रुमाल बांधलेल्या आजीबाई, सगळे तोंडाला कुलूप लावून डिसेंबरच्या वाऱ्यात उभे होते. आत मागच्या खोलीत गेरोंदा सेराफिम बसले होते.

गेरोंदा म्हणजे मठातले बाबा. कुठल्या मठातले, ते कुणी विचारलं नव्हतं. आमचा नाफ्तिकोस हा फुटबॉल संघ पहिल्यांदाच युरोपच्या स्पर्धेत पोचला आणि त्याच सप्टेंबरात हे गृहस्थ दाढी आणि तेलाचा डबा घेऊन बंदरावर उगवले. प्रत्येक सामन्याआधी माणूस एकटा आत जायचा, कॉफी प्यायचा, कप बशीत पालथा घालायचा. मग बाबा तो उचलून आतला गाळ वाचायचे. उठताना बशीखाली नोट ठेवायची, तीही मुकाट.

"कप बोलतो, लेकरा, मी नुसता कान देतो. हा बघ गोलचा खांब. ही जाळी. जाळीत हा मासा. आणि हा डाग दिसतोय ना? तो डाग नाही, दैवाची मान आहे. ती कुठे वळली, बघ."

मान कुठेही वळली तरी बाबा कानात एकच शब्द सांगायचे: जिंकू, हरू किंवा बरोबरी. मग ओठांवर बोट. "बायकोलाही सांगू नकोस. मनातल्या मनातसुद्धा मोठ्याने म्हणू नकोस. जीभ सुटली की कप उलटतो."

इथे त्यांनी आमची नस पकडली होती. सामन्याआधी निकाल तोंडातून काढायचा नाही, हे आमच्याकडे बाळकडूतच मिळतं. कुणी चुकून "आज जिंकणार" म्हणालं, तर शेजारचा तीनदा थुंकल्यासारखं "फ्तू, फ्तू, फ्तू" करतो आणि संघ हरला तर त्या बोलघेवड्याला महिनाभर कुणी कॉफी विचारत नाही. तेव्हा बाबांची अट कुणालाच जड गेली नाही.

मी फेव्रोनिया, गावाची कीरा-फेव्रो, म्हणजे फेव्रोबाई. बंदरावर माझं औषधांचं दुकान आहे. संघ हरला की माझ्याकडे डोकेदुखीच्या गोळ्या खपतात, फुटबॉलशी माझा संबंध एवढाच. मी या भानगडीत पडले ती स्टेर्गिओसमुळे.

स्टेर्गिओस बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. खोलून बघितल्याशिवाय इंजिनाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, असा त्याचा लौकिक. त्याची मुलगी अंथुला नऊ वर्षांची, तिला फिट्स येतात. गोळ्या नेमाने चालू होत्या म्हणून दोन वर्षं घरात शांतता होती. त्या महिन्यात तो गोळ्या न्यायला आलाच नाही. शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुकानासमोरून जाताना दिसला, तेव्हा मी त्याला हाक मारून आत घेतलं.

"गोळ्या संपल्या नाहीत तुझ्या?"

"आहेत अजून."

"आहेत कशा? मी मोजून देते."

"अर्ध्या केल्यात, कीरा-फेव्रो. गेरोंदांनी सांगितलं. त्यांचं तेल लावतोय कपाळाला."

"आणि पोरगी?"

"परवा आली एकदा फिट. शाळेत." तो काउंटरकडे बघत सांगत होता. "गेरोंदा म्हणाले, रोग निघताना दार आपटून जातो."

"डॉक्टरांना विचारलंस?"

"डॉक्टर!" तो उसळला. "सात वर्षं विचारतोय. बरी होईल का? बघू. कधी? सांगता येत नाही. आणि या माणसाने मला पाच सामने सांगितले, पाचही खरे. हरलो, जिंकलो, बरोबरी, जिंकलो, हरलो. एकदा नाही चुकला. उद्या सहावाही खरा ठरला, आपण पुढे गेलो, की उरलेल्या गोळ्या समुद्रात टाकायच्या आणि अंथुला बरी. मी बाप आहे, कीरा. मला कुणीतरी 'होईल' म्हणायला हवं होतं."

मी त्याला सांगितलं, विनवलं, शेवटी ओरडले. गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट थांबता थांबत नाही, पोर हातची जाईल, हे अगदी याच शब्दांत सांगितलं. तो गेला. पाच खरे निकाल त्याच्या पाठीशी होते आणि माझ्या पाठीशी नुसतं औषधांचं कपाट.

तशीच जाऊन मी रांगेत उभी राहिले. आत कॉफी प्याले, तीही गोड. बाबांनी कप फिरवला, सुस्कारा सोडला आणि कानात म्हणाले, "हरू, लेकी." बाहेर येऊन थांबले आणि माझ्यामागून आत जाऊन परतणारे चेहरे बघितले. काही पडलेले होते, काही फुललेले. सगळ्यांना हार सांगितली असती तर फुलले कशाला असते?

थ्रासोस माझा सख्खा भाऊ, कॉफीखान्याचा मालक. रांग त्याच्या दारात, पण तो स्वतः पहिल्या सामन्यानंतर कधी आत गेला नव्हता. मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"तुला काय सांगितलं होतं पहिल्या वेळी?"

"गप बस. सामना आहे उद्या."

"थ्रासो, स्टेर्गिओसच्या पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

त्याने दार लावून घेतलं आणि चोरी कबूल करावी तसा पुटपुटला, "जिंकू म्हणाले होते. आणि आपण हरलो ना. माझ्यामुळेच. झोपेत बायकोजवळ बोललो असणार मी. गेरोंदांनी मला बाजूला घेतलं, म्हणाले, जीभ शुद्ध होईपर्यंत येऊ नकोस. मी कुणाला सांगितलं नाही, फेव्रो. लोक काय म्हणतील? याने संघ बुडवला म्हणतील."

बिचारा तीन महिने ती हार एकट्याने वाहत होता. आणि मला तिथे, कांद्यांच्या टोपलीशेजारी, सगळी युक्ती लख्ख दिसली.

दुसऱ्या संध्याकाळी कॉफीखाना खचाखच भरला. आमचं मैदान युरोपच्या नियमांत बसत नाही, म्हणून घरचा सामनासुद्धा सालोनिक शहरात होतो; ज्यांना तिकीट मिळालं ते तिकडे, बाकी गाव टीव्हीसमोर. हिशोब पोराटोरांनाही पाठ होता. गटातले दोनच संघ पुढे जाणार. पोर्तुगीज संघ आधीच पुढे गेलेला, चेक संघ बाहेर. उरलेल्या एका जागेसाठी आम्ही आणि डच, दोघांचे गुण सारखे. आपसातल्या सामन्यांत आम्ही सरस, म्हणून शेवटी गुण सारखेच राहिले तर जागा आमची. म्हणजे डच तिकडे चेकांशी खेळून जेवढं मिळवतील, तेवढं आम्ही इकडे पोर्तुगीजांकडून मिळवायचं. ते जिंकले तर आम्हाला जिंकायलाच हवं.

गेरोंदा पुढच्या खुर्चीत. स्टेर्गिओस खांबाला टेकून उभा, एक हात जाकिटाच्या खिशात. त्या खिशात काय होतं ते मला माहीत होतं. मध्यंतराला आमचा सामना शून्य-शून्य आणि तिकडे डच एका गोलने पुढे. म्हणजे त्या घटकेला आम्ही बाहेर. आजीबाईंचं छातीवर क्रॉस काढणं चालू होतं.

थ्रासोसने टीव्ही बंद केला.

"ए, थ्रासो! वेड लागलं का?"

"माझी बहीण बोलणार आहे," तो म्हणाला. रिमोट त्याने विजारीत खोचला. "ती सांगेल ते करा, मग लावतो."

मी खुर्चीवर चढले. "काल गेरोंदांनी मला सांगितलं, आज आपण हरणार."

सबंध खोली थुंकली. फ्तू, फ्तू, फ्तू. कुणीतरी मला सटवी म्हणालं. गेरोंदा शांतपणे उठले. "जीभ सुटली. आता जे होईल त्याचं पाप या बाईच्या माथी."

"चालेल," मी म्हटलं. "माझ्या माथी. आता ज्या ज्या माणसाने बाबांना पहिल्या सामन्याचं विचारलं होतं, त्याने उभं राहायचं. नाहीतर टीव्ही लागत नाही."

शिव्या देत देत जवळजवळ सगळी खोली उभी राहिली. पाद्री फोतिओसही, तेही मान खाली घालून.

"पहिला सामना आपण हरलो. ज्यांना जिंकू किंवा बरोबरी सांगितली होती, त्यांनी बसा."

कुणी हललं नाही. तेवढ्यात बार्बा-झिसिस, म्हणजे झिसिसकाका, बसला. म्हातारा तरुणपणी नाफ्तिकोसचा गोलरक्षक होता, गावात त्याला मान आहे. "मला जिंकू म्हणाला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, माझी जीभ घसरली म्हणून हरलो."

"तुमची?" मागून कुणीतरी म्हणालं. "मी समजत होतो माझीच."

"मला बरोबरी," पाद्रीबाबा पुटपुटले. "आणि मी तर प्रार्थनेत बोललो होतो, म्हणून..." लोक हसले, पण हसता हसता खुर्च्या वाजू लागल्या. तिघांतले दोघं बसले. बसलेले एकमेकांकडे असे बघत होते, जशी काही आत्ताच ओळख झाली.

"दुसरा जिंकलो. हरू आणि बरोबरीवाले बसा." पुन्हा तिघांतले दोघं बसले. तिसऱ्या सामन्याला मूठभर माणसं उभी होती, चौथ्याला दोघं-तिघं. पाचव्यानंतर फक्त स्टेर्गिओस.

"बघ, स्टेर्गिओ," मी म्हटलं. "याला काही दिसत नव्हतं. तो प्रत्येक वेळी एकाला जिंकू सांगायचा, दुसऱ्याला हरू, तिसऱ्याला बरोबरी. तिघांतला एक खरा ठरणारच. चुकलेल्यांना हा म्हणायचा, तुमची जीभ बाटली, आणि ते लाजेने गप्प, परत रांगेत आले तरी गप्पच. खऱ्या ठरलेल्यांना पुन्हा तिघांत वाटायचं. पाचदा चाळलं की चाळणीत कुणीतरी राहतं. तू निवडलेला नाहीस. तू उरलेला आहेस."

स्टेर्गिओसने खिशातला हात काढला नाही. थ्रासोसने टीव्ही लावला. आणि थोड्याच वेळात पोर्तुगीजांनी गोल केला.

ती वेळ मी विसरणार नाही. सगळी खोली माझ्याकडे वळली. ज्या माणसांनी आत्ताच सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, तीच म्हणत होती, "बोललीस म्हणून!" एका बाईने माझ्यावर पाण्याचा पेला फेकला. युक्ती कळली म्हणून भीती जात नाही, हे मला तेव्हा कळलं. गेरोंदांनी हात जोडले आणि डोळे मिटले. चेहरा इतका सात्त्विक की दोन कानशिलात द्याव्यात.

मग तिकडे चेकांनी बरोबरी साधली. इकडे आमची पोरं रडकुंडीला येऊन धावत होती. अगदी शेवटी कोपऱ्यातून आलेला चेंडू कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. एक-एक. आमची शिट्टी वाजली, पण डचांचा सामना चालूच होता. लोक जमिनीवर बसून श्वास रोखून होते. डचांचा एक फटका खांबाला लागला तेव्हा बार्बा-झिसिसने तोंडात मूठ घातली. मग तिथलीही शिट्टी वाजली. तिकडेही बरोबरी.

आम्ही पुढे गेलो. खोलीत जल्लोष उसळला. माणसं मिठ्या मारत होती, पाद्रीबाबा टेबलावर चढले होते. त्या गोंधळात गेरोंदांचा आवाज घुमला: "स्टेर्गिओ! सांग यांना, मी तुला काय सांगितलं होतं!"

स्टेर्गिओस पांढराफटक पडला होता. "बरोबरी," तो म्हणाला. "बरोबरी, आणि तेवढी पुरेल."

मिठ्या सुटल्या. सहापैकी सहा. आजीबाईंनी पुन्हा क्रॉस काढला. मला रडू यायला लागलं, कारण आता माझ्याजवळ बोलायला काही उरलं नव्हतं. "जा, लेकरा," गेरोंदा म्हणाले. "समुद्र समोर आहे."

स्टेर्गिओसने खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. दाराकडे दोन पावलं गेला आणि थांबला. इंजिनाचा आवाज ऐकताना उभा राहतो, तसा.

"आज जिंकू कोणाला सांगितलं होतं?" त्याने लोकांना विचारलं.

"मला," कोपऱ्यातून एक कोळी म्हणाला. "पाचवा चुकला तरी मी हट्टाने परत गेलो होतो."

"कीरा-फेव्रोला हरू. तुला जिंकू. मला बरोबरी." तो गेरोंदांकडे वळला. "म्हणजे माझा कप एकदा जरी चुकला असता, तर मी तुम्हाला शिव्या घालून घरी गेलो असतो. आणि माझी पोरगी गोळी पूर्ण घेत असती. खरं ना?"

गेरोंदांनी खुर्चीखालचा तेलाचा डबा उचलला.

"तुम्ही चुकला असतात तर ती सुखरूप होती," स्टेर्गिओस म्हणाला. आणि भर खोलीत, एवढा दांडगा माणूस, पाकीट छातीशी धरून हमसून रडला. मग डोळे पुसून मला म्हणाला, "चला माझ्याबरोबर. डॉक्टरांना फोन तुम्ही करा. मला सांगायला लाज वाटते."

आम्ही चढ चढून त्याच्या घरी गेलो, तेव्हा खाली बंदरात भोंगे वाजत होते. डॉक्टर फोनवर रागावले आणि मग काय करायचं ते नीट सांगितलं. विस्कटलेली घडी लगेच बसत नाही. त्या आठवड्यात अंथुलाला आणखी दोनदा फिट आली. प्रत्येक वेळी मी दारात उभी होते आणि वाटत होतं, आपण उशीर केला. ती वाचली. सेराफिम कुठे गेला ते माहीत नाही, पण युरोपात गट पुष्कळ आहेत आणि प्रत्येक गटात शेवटचा सामना असतो.

म्हणून सांगते. तुमच्याकडे असा कुणी आला आणि "कुणाला सांगू नकोस" म्हणाला, तर त्याच दिवशी शेजाऱ्याला विचारा, तुला काय सांगितलं? खऱ्या ठरलेल्या एकाची गोष्ट ऐकाल, तेव्हा खोट्या ठरलेल्यांनाही शोधून काढा. ते लाजून गप्प बसलेले असतात आणि भोंदूचं पोट त्यांच्या गप्प बसण्यावर चालतं. संघ तुमच्या बोलण्याने हरत नाही. तुमच्या न बोलण्याने मात्र एखादं पोर मरू शकतं.