संत्र्याची फुला

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. अमरावतीत भाजीच्या ऑटोवर बसून माझं आयुष्य गेलं. पत्रा पोचलाय, घसा बसलाय, आणि स्वभावाचं तर विचारूच नका. आज मात्र मी शुद्ध बोलणार आहे, म्हणजे कोणाला नावं ठेवायला जागा नको.

मला खुशालरावांनी मोर्शीच्या बाजारातून आणलं. ते ऑटो चालवायचे. थोरली मुलगी रागिणी तराजू धरायची आणि धाकटी दामिनी माईक. दामिनीनं मेथी-सांबाराची, म्हणजे मेथी-कोथिंबिरीची हाक दिली, की तिसऱ्या मजल्यावरच्या बायाही पिशव्या घेऊन खाली यायच्या. मला तिचा फार अभिमान होता.

मग दोघी बहिणींनी मिळून एक गाणं केलं, शब्द रागिणीचे, 'काय देऊ तुले, संत्र्याची फुले.' सुरुवातीला माझी घरघरही घातली. गाणं मोबाइलवर आलं आणि आठवडाभर मी नुसता मिरवत होतो.

तेवढ्यात अकोल्याच्या शेखर सरांचा व्हिडिओ आला. नव्या गाण्यांची चिरफाड करणं हा त्यांचा धंदा. म्हणे, या मुली गात नाहीत, भाजी विकतात. 'तुले' ही काय भाषा झाली? आणि तो भोंगा कोणीतरी भंगारात द्या. खाली लोकांनी हसून हसून वाट्टेल ते लिहिलं. अहो, विकतातच त्या भाजी, त्यात लाजायचं काय? पण दामिनी लाजली.

अकोल्याच्या एका कार्यक्रमाचं बोलावणं होतं. रागिणी नको नको म्हणत असताना दामिनीनं 'तुले'चं 'तुला' केलं. आता 'फुले' जुळेना. मग ओढूनताणून 'काय देऊ तुला, संत्र्याची फुला' असं गायल्या. हॉलमध्ये हशा पिकला. दुसऱ्या दिवशी शेखर सर पुन्हा हजर, म्हणे यांना फुलाचं अनेकवचनही येत नाही. इकडून मारायचं आणि तिकडूनही मारायचं! असा संताप आला मला, पण माईकशिवाय मी काय बोलणार?

"तुह्या गाण्यापायी माही फजिती झाली," दामिनी बहिणीला म्हणाली आणि तिच्याशी बोलणंच सोडलं. गाणं गेलं, हाकही गेली. खुशालरावांनी कोण्या परक्या माणसाची रेकॉर्ड केलेली हाक आणली, 'ताजी भाजी उपलब्ध आहे.' ती ओरडताना मी मुद्दाम खरखरायचो.

एके सकाळी ती हाक बंद पडली. खुशालरावांनी माईक दामिनीच्या हातात कोंबला. तेवढ्यात तिची वर्गमैत्रीण मैना आली आणि एकेक वांगं दाबून पाहून परत टाकू लागली. दामिनीचं डोकं सणकलं. माईक चालू आहे हेही ती विसरली.

"काय देऊ तुले, वांगे देऊ का शिव्या?"

मी ते गल्लीभर नेलं. दामिनी तोंडावर हात ठेवून उभी राहिली. रागिणीनं तराजूवरची नजर काढली नाही.

"संत्र्याची फुले," ती हळूच म्हणाली.

दामिनी आधी हसली, मग रडली, आणि डोळे पुसत गाऊ लागली. रागिणीनं तराजू ठेवून साथ धरली. मैना हातात वांगं घेऊन तशीच उभी.

मित्रांनो, भोंग्याला पावसात झाका, गंज चढू देऊ नका. वाटलं तर नावंही ठेवा. पण कोणाच्या तोंडातला शब्द काढून घेऊ नका, त्या जागी दुसरा बसत नाही. शेखर सर विचारतील, हा अजून भंगारात गेला नाही का? नाही गेलो. काहून जाऊ? मले अजून लय बोलाचं हाये.