कोऱ्या कागदावरचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ लाकडाची, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. पोटाला रबर, आणि त्या रबरावर एकच शब्द उलटा कोरलेला: 'तपासले'. कागदावर पडलो की तो सुलटा होतो. जन्मभर एकच शब्द बोलायचा म्हटले तर तुम्ही कंटाळाल. मी कंटाळलो नाही. उलट मला त्याचा जरा गर्वच होता, खोटे कशाला सांगू?

बाजारातल्या एका अरुंद दुकानात मी तयार झालो. कारागिराने मला शाईत बुडवून एका चिठोऱ्यावर उमटवले, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाला, "जा बाबा, सरकारी नोकरी लागली तुला. नाव काढ."

ती नोकरी म्हणजे नगर कार्यालयातला परवाना विभाग. दुकानावर पाटी लावायची आहे, गच्चीवर पत्रे टाकायचे आहेत, घरात शिकवणी सुरू करायची आहे, असे लोकांचे अर्ज तिथे येत आणि त्यांना उत्तराची पत्रे जात. पत्र बाहेर पडण्याआधी कुणीतरी ते नीट वाचायचे आणि मगच मला उमटवायचे, अशी पद्धत होती.

माझे पहिले मालक अण्णा. ते पत्र मोठ्याने वाचत, आणि समोर शिपाईमामांना बसवून ऐकायला लावत. शेवटी विचारत, "मामा, कळलं का?" मामांनी मान हलवली नाही तर पत्र परत लिहायला जाई. मामांनी मान हलवली की अण्णा माझ्या पोटावर हळूच 'हा' करून फुंकर मारत, शाईच्या गादीवर टेकवत आणि मला असे दाबत की एकही अक्षर पुसट उमटत नसे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला ताईच्या हातात दिले आणि म्हणाले, "वजनाला हलका आहे गं हा. म्हणूनच जपून उचल."

ताई हुशार, हसरी आणि कायम धावपळीत. तिची तीन वर्षांची लेक ठमी दिवसभर पाळणाघरात असे. ताईच्या टेबलावर ठमीचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी मी, म्हणजे आम्हा दोघांनाही तिच्या लेखी मान होता. पण विभागातले दोघे बदलून गेले, अर्ज दुप्पट झाले, आणि ताई ठमीला घ्यायला रोज उशिरा पोचू लागली.

मग एके दिवशी एक यंत्र आले. दिसायला साधा संगणकच, पण आत कृत्रिम बुद्धिमत्ता. अर्ज दाखवला की चहा निवायच्या आत उत्तराचे पत्र लिहून तयार! भाषा कशी, तर गुळगुळीत आणि अदबशीर. मामांनी त्याचे नाव ठेवले 'पोपटपंडित'. साहेब खूश झाले. "दिवसाला साठ पत्रं! वरच्या कार्यालयातून कौतुकाचा फोन आलाय," असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत. ताई वेळेवर घरी जाऊ लागली. तिचा चेहरा उजळला, तेव्हा मलाही बरे वाटले. मी त्या पंडितावर कधी जळलो नाही. जरासा जळलो असेन, पण जरासाच.

एक नियम मात्र वरून पक्का होता. पंडिताने लिहिलेले प्रत्येक पत्र माणसाने वाचायचे आणि मगच शिक्का. पहिला महिना ताईने प्रत्येक ओळ वाचली. चूक सापडेना. मग ती फक्त पहिली आणि शेवटची ओळ वाचू लागली. मग नुसती सही करू लागली. आणि एका दुपारी मामांच्या डोक्यातून एक भन्नाट कल्पना निघाली.

"ताई, छापून आल्यावर एकेका कागदावर शिक्का मारत बसायचं, त्यापेक्षा कोऱ्या कागदांवरच मारून ठेवतो ना! छपाईच्या यंत्रात घातले की पत्र शिक्क्यासकटच बाहेर पडेल."

ताई खळखळून हसली. "मामा, तुमच्या डोक्याला तोड नाही हो!"

झाले. मामांनी कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढ्यात घेतला आणि मला दणादण आपटायला सुरुवात केली. मित्रांनो, तेवढे वाईट मला आधी कधी वाटले नव्हते. खाली अक्षर नाही, नाव नाही, काही नाही. मी तपासले तरी काय? मला ओरडावेसे वाटले, पण मला बोलता येतो तो एकच शब्द, आणि तोच तर खोटा ठरत होता.

तीन आठवडे असे गेले. मग एका सकाळी दारात एक बाई उभ्या राहिल्या. एका हातात पत्र, कडेवर ठमी. त्या ठमीच्या पाळणाघराच्या काकू होत्या.

"काकू? ठमीला बरं नाही का?" ताई धडपडत उठली.

"ठमी ठणठणीत आहे. मला बरं नाही," काकू म्हणाल्या. "परवाना वाढवून मागितला, तर सोमवारपासून पाळणाघर बंद करा असं पत्र आलंय. नियम सतरा ब प्रमाणे तळमजल्यावर पाळणाघर चालवता येत नाही म्हणे. बावीस पोरं आहेत गं माझ्याकडे. त्यांना काय माडीवर टांगू? आणि सही बघ कुणाची आहे ती."

ताईने पत्र हातात घेतले. खाली तिची सही होती. शेजारी मी होतो, ठळक आणि स्पष्ट. ताईचा चेहरा पडला. स्वतःच्या लेकीचे पाळणाघर बंद करणारे पत्र तिने तपासले होते, आणि ते ती आत्ता पहिल्यांदाच वाचत होती.

तिने पंडिताला विचारले, नियम सतरा ब कुठे आहे? पंडिताने क्षणात उत्तर दिले: तिसरे प्रकरण, पान एक्केचाळीस. मामांनी कपाटातून नियमांचे पुस्तक काढले, धूळ झटकली. पान एक्केचाळीसवर दुकानाच्या पाट्यांची लांबी-रुंदी होती. तिसरे प्रकरण तर चौदाव्या नियमालाच संपत होते. पाळणाघराला हवे होते फक्त एक वेगळे दार आणि पायऱ्यांना कठडा. काकूंकडे दोन्ही होते, आणि पाहणी करून गेलेल्या निरीक्षकांनी अर्जावर तसे लिहूनही ठेवले होते.

"म्हणजे यानं मनानंच नियम केला?" मामांनी डोळे मोठे केले. "अहो, 'मला माहीत नाही' म्हणायला याला कुणी शिकवलंच नाही वाटतं!"

साहेब आले. घसा खाकरून म्हणाले, "एवढं एक पत्र रद्द करून टाकू. गाजावाजा नको."

ताईने मला घट्ट मुठीत धरले होते. ती म्हणाली, "साहेब, चूक माझी आहे. मी वाचलं नाही. काकू माझ्या ओळखीच्या, म्हणून मला कळलं तरी. पण बाकीच्यांच्या ओळखीचं इथं कोण आहे? कोऱ्या शिक्क्यावर गेलेलं प्रत्येक पत्र मला परत वाचायचंय."

साहेबांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिले. कौतुकाचा फोन त्यांना आठवत असावा. ठमीने तेवढ्यात त्यांचा चष्मा ओढला. साहेबांनी तो सोडवून घेतला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खुर्ची ओढून बसले. "आणा त्या पत्रांच्या प्रतींचा गठ्ठा. अर्धी मी वाचतो."

काकूंचे नवे पत्र आधी झाले. कच्चा मजकूर पंडितानेच लिहिला, का लिहू नये? हात त्याचा भरभर चालतो, ते नाकारून काय मिळणार? पण नियमाचा आकडा ताईने पुस्तक उघडून बोटाने पाहिला. मग पत्र मोठ्याने वाचले. पंडिताने बावीसऐवजी बत्तीस मुले लिहिली होती, तेही सापडले. ते सुधारून ताईने विचारले, "मामा, कळलं का?" मामांनी मान हलवली. काकूंनी हलवली. काही न कळता ठमीनेही हलवली. आणि कित्येक दिवसांनी माझ्या पोटावर 'हा' करून फुंकर बसली. मी कागदावर उतरलो तो इतक्या आनंदाने, की शाई जरा जास्तच लागली.

बाकीची पत्रे वाचायला चार दिवस लागले. बहुतेक अगदी बरोबर होती, पण अकरा चुकीची निघाली. त्या अकरा घरी मामा स्वतः नवी पत्रे घेऊन गेले, आणि तीन ठिकाणी त्यांना बोलणीही खावी लागली. आता पंडित दिवसाला साठ नाही, तीस पत्रे लिहितो. पत्राखाली वाचणाऱ्याचे नाव असते. आणि ताई तरीही वेळेवर निघते, कारण साहेबांनी वाचायला आणखी एक माणूस मागून घेतला.

उरलेल्या कोऱ्या शिक्क्यांच्या कागदांवर ताईने लाल रेघा ओढल्या आणि तो गठ्ठा मुलांना चित्रे काढायला पाळणाघरात दिला. त्यातले ठमीचे एक चित्र तिने पंडिताच्या बरोबर वरच्या भिंतीवर लावले आहे. निळा हत्ती आहे, मोठा गोड आहे. लोक येतात, हसतात, आणि विचारतात, हे इथे कशाला?

मित्रांनो, त्या हत्तीला पाच पाय आहेत, आणि त्याच्या पोटाखाली ठळक अक्षरांत मी आहे: 'तपासले'. आता मी म्हातारा झालो, रबराला चिरा पडल्या. आज ना उद्या माझ्या जागी दुसरा शिक्का येईल, कदाचित पंडितापेक्षा मोठा पंडितही येईल. त्याला खुशाल लिहू द्या. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी त्या टेबलावर बसलात, तर माझे एवढेच मागणे आहे. शिक्का उचलण्याआधी पाय मोजा.