किटलीताई आणि मी

मी एक जुनी रुग्णगाडी आहे. रंग उडाला, टपाला पोचे आले, पण मित्रांनो, माझा तोरा अजून तसाच आहे!

कारखान्यातून निघाले ती थेट युद्धात. गाड्या चालवणारे पुरुष आघाडीवर गेले होते, म्हणून माझ्यावर एक शिंपीण नेमली गेली. गॅरेजचा मुकादम म्हणाला, "बाई, हे शिवणयंत्र नव्हे."

"गाडी काय, शिवणयंत्र काय, पायांनीच चालवायची असतात, दादा," ती म्हणाली.

थंडीत माझे इंजिन आखडून जायचे. ते गोठून फुटू नये म्हणून ती रोज संध्याकाळी माझे पाणी काढून टाकायची आणि सकाळी किटलीभर गरम पाणी पाजायची. आधी मला पाणी, मग स्वतःला चहा. सगळे तिला किटलीताई म्हणू लागले. आम्ही दोघींनी किती जखमी आणले, देव जाणे. तोफा धडधडू लागल्या तरी अर्ध्या वाटेतून ती कधी परतली नाही.

युद्ध संपले. तिला प्रशस्तिपत्र मिळाले आणि त्याच दिवशी निरोपही. "पुरुष परत आलेत. आता घर सांभाळा," मुकादम म्हणाला. माझ्या चाकावर डोके टेकवून ती हमसून रडली. तिला दुसरे काही नको होते, मीच हवी होते.

पहिल्याच थंड सकाळी एका बाईला कळा सुरू झाल्या. नव्या चालकाने बर्फासारखे पाणी भरले आणि हँडल फिरवून फिरवून घामाघूम झाला. मी हूं की चूं केले नाही. रुसले नव्हते हो, गारठले होते! शेवटी मुकादम स्वतः धावत तिच्या घरी गेला.

ती आली ती हातात किटली घेऊनच. पाणी ओतले, हँडल मारले आणि मी अशी गुरगुरले की चालक निमूट बाजूला झाला. वाटेत माझ्याच पोटात एक गोड मुलगी जन्मली.

"उद्यापासून कामावर या," मुकादम पुटपुटला.

"उद्यापासून का? आजची हजेरी लावा की!"

पुढे एकोणीस वर्षे तिनेच मला चालवले. मग मी संग्रहालयात आले आणि माझ्यापुढे पाटी लागली: 'चालक अज्ञात'. अज्ञात? मला असा संताप आला म्हणता! परवा माझ्या पोटात जन्मलेली ती मुलगी आली. तिचेही केस आता पिकले आहेत. तिने संग्रहालयवाल्यांशी भांडून पाटी बदलून घेतली: 'चालक किटलीताई'.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा. पण त्याआधी घरातल्या आजीला विचारा, "युद्धात तू काय करत होतीस?" आणि विचारण्यापूर्वी चहा ठेवा, गोष्ट लांबणार आहे.