नरसाळ्यावरची ठिणगी

वाळवंटाकडून हुंतुरू वारा सुटला की झिंदर शहरात सगळ्यांचेच ओठ फुटतात, पण यगानाच्या वेण्या घालायच्या खोलीत आणखी एक पीडा सुरू होते. नकली केस ऐकेनासे होतात. जुडी सोडली की एकेक केस दुसऱ्यापासून फटकून उभा राहतो, यगानाच्या मनगटाला चिकटतो, गिऱ्हाइकाच्या गालावर जाऊन बसतो. झटकला तरी परत येतो. यगाना त्यांना शिव्या देत काम करते.

जुड्या सोडून सारख्या बटा पाडून ठेवायचं काम तिच्या नवऱ्याचं, कियारीचं. डोळे गेल्याला नऊ वर्षं झाली होती. पूर्वी तो झिंदर ते अगादेझ पिकअप चालवायचा. वाळूत बुजलेली वाट नुसत्या रंगावरून ओळखायचा. आता दाराआड चटईवर बसून बटा पाडायचा. पहिल्या वर्षी लाज वाटली होती. मग बोटांना गोडी लागली.

त्या गुरुवारी सकाळी दिक्को आली. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, चोवीस-पंचवीस वर्षांची, गुरं पाळणाऱ्या फुलानी जमातीची. यगाना आणि कियारी कानुरी. या दोन जमातींचं नातं थट्टेचं. भेटले की एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि रागवायचं नाही, अशी रीत.

"काय ग गुलामाच्या पोरी," यगाना म्हणाली, "गाई कुणाच्या जिवावर सोडून आलीस?"

"तुमच्या जिवावर कशा सोडीन, मावशी? कानुरी माणूस दुधाच्या राखणीला बसला तर भांडंसुद्धा उरत नाही."

"बस खाली. तोंड बंद ठेव, डोकं सरळ ठेव."

दिक्को बसली. यगानानं प्लास्टिकच्या कंगव्यानं तिचे केस विंचरायला घेतले आणि बारीक तडतड सुरू झाली, वाळलेल्या शेंगा फुटाव्यात तशी.

"पुन्हा सुरू झाला हा छळ," यगाना म्हणाली. "काल एक बाई म्हणाली, तुझ्या खोलीत वाऱ्याची भुतं शिरलीत."

दिक्को हसली. "दार लावा बरं मावशी. पडदाही ओढा. तुम्हाला तुमची भुतं दाखवते."

मातीच्या जाड भिंतींची ती खोली, खिडकी नव्हतीच. दार लागताच भरदिवसा काळोख झाला. दिक्कोनं खांद्यावरची नायलॉनची ओढणी डोक्यावर घेऊन सर्रकन ओढली आणि यगाना एकदम मागे सरकली.

"काय झालं?" कियारीनं विचारलं.

"अहो... निळं," यगाना म्हणाली. "निळ्या ठिणग्या. तिच्या केसांतून. काजव्यांसारख्या... नाही हो, काजवे सावकाश असतात. हे दिसेस्तोवर गेलं."

"मला ऐकू आलं," कियारी म्हणाला.

त्याच्या आवाजातलं काहीतरी दिक्कोला लागलं असावं. ती उठली, नकली केसांची एक जुडी घेऊन तिनं ओढणीनं खसाखसा घासली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"काका, बाही वर घ्या. हात नुसता पुढे धरा. मी शिवणार नाही."

कियारीनं हात धरला. भाजल्याच्या वणांमधून जिथं जिथं लव उरली होती तिथं ती हळूच उठायला लागली. कुणी फुंकर घालतंय असं त्याला वाटलं, पण फुंकरीला ऊब असते, याला नव्हती. कोळ्याचं जाळं अंगावरून जावं तसं काहीतरी मनगटापासून कोपरापर्यंत सरकत गेलं. तिनं जुडी मागे नेली, लव निजली. पुढे आणली, पुन्हा उठली.

"शिवत नाहीयेस?"

"वीतभर लांब आहे."

"मग हे कोण ओढतंय?"

"वीज, काका. तीच, पावसाळ्यात आभाळात कडकडते ती."

कियारी हसला नाही. हात तसाच धरून म्हणाला, "नीट सांग. मी काही शाळेत गेलेलो नाही, पण मला नीट सांग."

दिक्कोनं अंमळ विचार केला. "प्रत्येक वस्तूत विजेचे कण असतात. दोन तऱ्हेचे. एकमेकांना पुरून उरणार नाहीत असे, बरोबर सारखे. म्हणून आपल्याला एरवी काही कळत नाही. पण दोन वेगळ्या वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीवरचे थोडे कण दुसरीवर जातात. एकीकडे जास्त, एकीकडे कमी. वाटणी बिघडली. मग ज्यांच्यावर एकाच तऱ्हेचा भार असतो ते एकमेकांना ढकलतात, म्हणून हे केस फिसकारतात. आणि वेगळ्या तऱ्हेचे असतात ते ओढतात."

"आणि ठिणगी?"

"बिघडलेली वाटणी सारखी करायला ते कण उडी मारतात. हवा दमट असली तर गुपचूप निघून जातात. हुंतुरूत हवा इतकी कोरडी, की जायला वाटच नसते. साठत राहतात, आणि लोखंड जवळ आलं की एकदम झेप."

"प्रत्येक वस्तूत म्हणालीस."

"प्रत्येक. ही भिंत, चटई, मावशी, तुम्ही."

कियारी हातावरची लव चाचपत राहिला. सत्तावन्न वर्षं या देहात राहिलो, त्याला वाटत होतं, आणि घरात कोण राहतंय याची खबर नव्हती. नखाएवढ्या जागेत आभाळातली वीज, मापून ठेवल्यासारखी, एक कण इकडे ना तिकडे. आपण जेवतो, झोपतो, भांडतो, आणि ती आत निजलेली.

"मला दे एक," तो म्हणाला. "ठिणगी. मला बघायची... म्हणजे कळू दे."

दिक्कोनं त्याला रबरी चपला घालून प्लास्टिकच्या चटईवर उभं केलं, पाठीवर नायलॉनचं ब्लँकेट घासलं, आणि यगानाची मोठी कात्री पुढे केली. "बोट न्या. सावकाश."

बोट पोचायच्या आतच डंख बसला. टच्च. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकाला.

दिक्को आणि यगाना हसल्या. कियारीचा हात तिथंच राहिला. 

"अहो, लागलं का?"

"हे मला एकदा झालंय," तो म्हणाला. "हेच. याच बोटाला."

यगानानं दार उघडलं. कियारी खाली बसला आणि चेहरा दिक्कोच्या आवाजाच्या दिशेनं वळवून त्यानं विचारलं, "पोरी, एवढ्याशा ठिणगीनं पेट्रोल पेटेल?"

"पेट्रोलची वाफ? याच्याहून लहान ठिणगीनंही पेटेल."

कियारीच्या डोळ्यांची गोष्ट झिंदरच्या मोटारतळावर सगळ्यांना पाठ होती. तानूत गावाच्या पुढे, भर दुपारी, त्याचा जोडीदार बारमू आणि तो पिकअप थांबवून पुढच्या वाटेसाठी डब्यात पेट्रोल भरत होते. मागच्या हौद्यात प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर प्लास्टिकचा डबा, डब्याच्या तोंडात लोखंडी नरसाळं. बारमू ओतत होता. कियारी चालकाच्या जागेवरून उतरला, नरसाळं सरळ करायला हात पुढे केला, आणि मान वर केली तेव्हा बारमूच्या ओठांत सिगारेट दिसली. ते त्याचं शेवटचं बघणं. पुढे नुसता भडका.

बारमूनं आपल्या झग्यात गुंडाळून त्याला विझवलं, स्वतःचे दोन्ही हात भाजून घेतले, मालाच्या ट्रकवर घालून झिंदरच्या दवाखान्यात आणलं. शुद्धीवर आल्यावर कियारी पहिलं वाक्य बोलला ते, "बारमूच्या सिगारेटनं माझे डोळे खाल्ले." बारमूनं शपथा घेतल्या की ती पेटवलेली नव्हती. कुणाचा विश्वास बसला नाही. नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

आता कियारी एकेक गोष्ट बोटावर मोजावी तशी सांगत गेला. "सीटवर केसाळ नायलॉनचं कव्हर होतं. सकाळपासून त्यावर घासत बसलो होतो. पायात रबरी चपला. खाली प्लास्टिक. हुंतुरूचेच दिवस. नरसाळ्याला हात लागायच्या आधी बोटाला डंख बसला होता, यगाना. मला वाटलं पत्र्याची धार लागली. मग भडका झाला आणि डंख विसरलो."

 दिक्को हलकेच म्हणाली, "काका, तुम्हाला कुठून कळणार होतं?"

"कळलं नव्हतं हे खरं. पण बारमूचं नाव घ्यायला मी थांबलो नव्हतो." मग तो उठून भिंतीशी गेला. "माझ्याच बोटातून निघाली ती."

त्या दिवशी दिक्कोच्या वेण्या अर्ध्याच झाल्या.

शुक्रवारी नमाजानंतर यगाना त्याला हाताला धरून मोटारतळावर घेऊन गेली. बारमूनं गाडी कधीच सोडली होती. तळाच्या कोपऱ्यात तो पंक्चर काढायचा. ट्यूब कानशीनं घासल्याचा आवाज कियारीला लांबूनच आला, आणि जवळ जाताच आवाज थांबला.

"रस्ता चुकलास का रे?" बारमूचा आवाज म्हाताऱ्याचा झाला होता.

"नाही. तुझ्याकडेच आलोय. त्या दिवशी तुझी सिगारेट पेटलेली नव्हती."

"विचारतोयस का सांगतोयस?"

"सांगतोय."

"कुणी सांगितलं तुला? नऊ वर्षांनी कुणाला साक्षात्कार झाला?"

"माझ्या बोटाला." आणि कियारीनं सगळं सांगितलं. काही न वगळता.

बारमूनं कानस टाकली. मग म्हणाला, "पहिली दोन वर्षं मला पक्कं ठाऊक होतं की काडी ओढली नव्हती. मग लोक म्हणत राहिले, म्हणत राहिले. आई म्हणाली, कबूल कर, अल्ला माफ करेल. मी आठवायला बसायचो. काड्यापेटी खिशात होती की हातात? दर खेपेला वेगळं आठवायचं. शेवटी धरून चाललो की ओढली असेल. आई तेच मानून गेली." ट्यूब खाली आपटल्याचा आवाज आला. "आणि आज तू येऊन म्हणतोस, बोट."

"हो."

"दाखव."

यगानानं पिशवीतून कंगवा काढला, पण बारमूला तो नको होता. बाहेरून आणलेल्या जादूवर त्याचा भरवसा नव्हता. त्यानं स्वतःच्याच कोपऱ्यातला प्लास्टिकच्या नळीचा तुकडा कियारीच्या हातात दिला आणि डोक्यावरची लोकरीची टोपी काढून दिली. कियारीनं नळी टोपीवर खूप घासली. मग ट्यूब घासून पडलेल्या रबराच्या काळ्या भुशावर ती धरायला यगानानं त्याचा हात नेला.

"या अल्ला," बारमू म्हणाला.

"काय झालं?"

"कण उड्या मारतायत. नळी लांब आहे, तरी... उभे राहतायत आधी, मुंग्या उभ्या राहिल्यासारखे, आणि मग उडी." तो गुडघ्यांवर बसला असावा, आवाज खालून येत होता. "मी रोज हा भुसा झाडतो, कियारी. रोज. पुन्हा कर."

कियारीनं पुन्हा केलं. मग बारमूनं स्वतः केलं, चार वेळा, पाच वेळा. दोन-तीन ड्रायव्हर बघायला आले, तेही वाकले. कुणी हसलं नाही.

"माफ केलं असं मी आज म्हणणार नाही," बारमू शेवटी म्हणाला. "आईला सांगता येत नाही आता."

"म्हणू नकोस. पण मला इथं मोठ्यानं बोलू दे."

बारमूनं त्याला पंक्चरच्या लाकडी खोक्यावर उभं केलं. कियारी चांगला घसा ताणून बोलला, जसा पूर्वी उतारूंना हाका मारायचा तसा. बारमूनं काडी ओढली नव्हती, मी त्याच्यावर खोटा आळ घेतला, माझ्याच बोटातून ठिणगी पडली. काही जण ऐकत होते, काही जण चहाचे पेले विसळत होते. एक तरुण ड्रायव्हर म्हणाला, "म्हाताऱ्याचं डोकंही भाजलं वाटतं."

बारमू त्याच्यावर ओरडला. "तुझ्या हौद्यात प्लास्टिकवर डबा आहे ना? आणि त्यात तू आत्ता पेट्रोल ओतणार आहेस? उतरव. आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लाव, इथंच, डब्यापासून लांब, म्हणजे ठिणगी पडायची ती तिथंच पडेल. मग डबा खाली ठेव, जमिनीवर. आणि मग ओत. का म्हणून विचारशील तर इकडे ये, दाखवतो."

तरुण पुटपुटला, पण गेला. पत्र्यावर तळहात आपटल्याचा आवाज आला, आणि मग डबा वाळूवर टेकल्याचा.