मंजुळाची हजाराची नोट

जानेवारी अठ्ठ्याहत्तरमध्ये सरकारने हजाराच्या आणि त्यावरच्या नोटा रद्द केल्या. कंपनीच्या कँटीनमध्ये सगळे हसत होते, कारण आमच्यापैकी कुणी तसली नोट पाहिलीच नव्हती. मी हसलो नाही. माझ्या घरी एक होती.

माझ्या बायकोचे, मंजुळाचे, पणजोबा मुंबईत कापसाच्या दलालाकडे कामाला होते. कापसाची तेजी आली तेव्हा दलाल नोटा वाटत सुटला होता, असं ती सांगायची. घरातली लक्ष्मी मोडायची नाही, एवढंच तिला माहेरी शिकवलेलं. दर लक्ष्मीपूजनाला ती कुंकवात बोट बुडवून नोटेच्या कोऱ्या बाजूला टेकवायची. तिच्या बोटाचे ठसे तिथे ओळीने उमटले होते. या दिवाळीनंतर महिन्याभरात ती गेली. शेवटचा ठसा अजून लाल होता.

अशा नोटेचं काय करायचं, असं शेजारच्या मशीनवरच्या उद्धवरावांना मी हळूच विचारलं. ते म्हणाले,

"आकडा हजाराचाय ना? मग भरून टाका, बबनराव. नाहीतर पोलीस दारात. अन् एवढे दिवस माझ्या पैशानं चहा पीत होता व्हय?"

"भरली की नोट परत देतात?"

"पैसे देतात. नोट जाळतात."

मला पैसे नको होते. घरी येऊन नोट पिठाच्या डब्यात लपवली. पीठ ठशांना लागेल म्हणून परत काढली. कुठेच ठेवावीशी वाटेना. नोटा भरायच्या शेवटच्या दिवशी अर्धी रजा टाकून पिंपरीत बँकेत गेलो. रांगेत उभा असताना खिशातला हात बाहेर काढला नाही.

काउंटरवरच्या साहेबांनी नोट उजेडात धरली. मग उलटी करून ठशांवर अंगठा घासला.

"अहो, हळू!"

"हे लाल काय आहे?"

"कुंकू. घरच्यांनी लावलेलं."

त्यांनी पुन्हा वाचली. "काका, ही सरकारची नोट नाही. खाजगी बँकेची आहे. तेजीत निघालेली बँक, तेजीबरोबर बुडाली. शंभर वर्षं झाली."

"म्हणजे तुम्ही घेणार नाही?"

"कोणीच घेणार नाही."

"आणि पोलीस?"

"पोलीस काय करतील हिचं? घरी न्या. चला, पुढचे."

मागचा माणूस हळहळला. "अरेरे, हजार बुडाले बिचाऱ्याचे."

 मी नोट घडी न करता सदऱ्याच्या आत धरली. बसस्टॉपवर थांबायचा धीर झाला नाही. साहेबांनी मागून हाक मारली तर, या भीतीने पिंपळे गुरवला घरापर्यंत चालतच आलो.